पोत्यावर उमटेल तो लोगो: वाचकांचे प्रश्न

धंद्याच्या लोगोबद्दल मराठवाड्यातून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक जण काम होऊन गेल्यावर अडलेले आहेत. काम देण्याआधी विचारणारे थोडेच, म्हणून पहिला मान त्यातल्या एकाला.

लातूरला आमची तूरडाळीची छोटी मिल आहे. यंदा स्वतःच्या नावाने ३० किलोचं पोतं आणि १ किलोचं पाकीट काढायचं आहे. फ्लेक्सवाला दीड हजारात संध्याकाळपर्यंत लोगो देतो म्हणतो, एक डिझायनर पंचवीस हजार आणि तीन आठवडे मागतो. फरक नेमका कशाचा?

फ्लेक्सच्या दुकानात बहुतेक वेळा संग्रहातलं तयार चित्र मिळतं आणि त्याखाली तुमचं नाव. तीच शेंगांची डहाळी उद्या उदगीरच्या पोत्यावर दिसली तर तक्रार कुणाकडे करणार? पण पंचवीस हजार घेतले म्हणून काम चांगलंच होईल असंही नाही. दोघांना एकच विचारा: हा लोगो विणलेल्या पोत्यावर एका रंगात कसा उमटेल? उत्तर देताना जो अडखळतो त्याने पोतं छापताना पाहिलेलं नाही.

पीपीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या, विणलेल्या पोत्यावर छपाई ठशाने होते. छपाईवाले त्याला स्टिरिओ म्हणतात. प्रत्येक रंगाला वेगळा स्टिरिओ लागतो. पट्ट्यांच्या विणीमुळे पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे बारीक रेघ तुटते, जवळच्या दोन रेघा शाई पसरून एक होतात आणि फिकट-गडद छटा डागासारखी दिसते. पोत्यावरच्या आकारात २ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवूच नका.

पाकिटाचं गणित वेगळं. ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला एक सिलिंडर. पारदर्शक फिल्मवर रंग उठून दिसावेत म्हणून मागे पांढरा द्यावा लागतो, आणि तोही रंग म्हणून मोजला जातो. म्हणजे तीन रंगांचा लोगो पाकिटावर चार सिलिंडर मागतो. सिलिंडर कोरून झाल्यावर लोगोतली एक वेलांटी बदलायची म्हटली तरी तो पुन्हा करावा लागतो. लोगोवर वाचवलेले पैसे जातात ते इथे.

डिझायनरकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: लोगो कुठे-कुठे लागणार (पोतं, पाकीट, बिलबुक, टेम्पोचा दरवाजा, आडतीची पाटी, रबरी शिक्का, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल फोटो), माल घेणारा कोण, आणि शेजारी कुणाचा माल रचलेला असेल. लातूरच्या गंजगोलाई बाजारात एक फेरी मारून दहा पोत्यांचे फोटो काढा आणि तेही द्या. सगळ्यांनी जो रंग धरलाय तो सोडा.

कच्चे आराखडे काळ्या-पांढऱ्यातच मागा. रंग भरला की माणूस आकार बघायचं विसरतो. मग प्रत्येक आराखडा १५ मिलिमीटर रुंदीत साध्या प्रिंटरवर काढा आणि त्याची झेरॉक्स काढा. नाव वाचता आलं तर पुढे जा. तीन आठवड्यांचे पैसे या चाळणीचे असतात. ती होणार नसेल तर दीड हजारही जास्तच.

परभणीत फरसाणचा कारखाना आहे. डिझायनरने लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाकीट छापणारे म्हणतात, ही फाइल चालत नाही. पीडीएफ करून दिली तरी नाही म्हणतात.

त्यांचं बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीजी म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि ती पाठवताना आणखी दाबली जाते. जेपीजी पीडीएफमध्ये घातली म्हणून ठिपक्यांच्या रेघा होत नाहीत. छपाईला व्हेक्टर फाइल लागते, म्हणजे ज्यात कडा गणिताने साठवलेल्या असतात आणि १० फुटांच्या पाटीवरही त्या फाटत नाहीत. तपासायचं असेल तर फाइल कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये उघडून वायरफ्रेम दृश्य (रंग लपवून नुसत्या कडा दाखवणारं) लावा. रेघांचे सांगाडे दिसले तर व्हेक्टर, रेघांऐवजी चौकटीत एकरंगी चित्र दिसलं तर आत फोटो आहे.

डिझायनरकडून मागायचं ते असं: मूळ फाइल (कोरल किंवा इलस्ट्रेटर, ज्यात काम झालं ती), व्हेक्टर पीडीएफ, एसव्हीजी (वेबसाइटवर चालणारी व्हेक्टर फाइल), आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी किमान २००० पिक्सेल रुंद. यातली प्रत्येक चार रूपांत: पूर्ण रंगीत, एकरंगी, नुसती काळी, आणि गडद पार्श्वभूमीवर चालणारी पांढरी. सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकारांत, बदललेली हवीत (कोरलमध्ये कंट्रोल-क्यू). नाहीतर ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे तुमच्या नावाची भलतीच अक्षरं होतात, आणि श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तर हमखास. कोरलची नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. तालुक्याच्या दुकानांत जुन्या आवृत्त्या सर्रास असतात, म्हणून सेव्ह करताना खालची आवृत्ती निवडलेली एक प्रतही घ्या.

रंगांचे आकडेही लिहून घ्या. स्क्रीनवरचा झगझगीत नारिंगी किंवा पोपटी सीएमवायकेत (छपाईच्या चार मूळ शाईंत) मळका होतो, त्यामुळे सीएमवायकेचे चार आकडे वेगळे ठरवावे लागतात. पाकिटासाठी पँटोनचा (ठरावीक छटांच्या शाईच्या यादीतला) क्रमांक असेल तर दर खेपेला लाल तोच येतो.

डिझायनर सापडतच नसेल तर जेपीजीवरून लोगो हाताने पुन्हा आखून घ्या. 'ट्रेस' बटण दाबून काढलेल्या कडा वळवळतात, आणि रेडियमवाल्याच्या (स्टिकर कापणाऱ्याच्या) कटरवर त्या अगदी उघड्या पडतात.

जालन्यात आमची बियाण्यांची कंपनी आहे. लोगोचे पूर्ण पैसे दिले, तरी डिझायनर मूळ फाइलचे वेगळे मागतो. पैसे दिले म्हणजे लोगो आमचाच ना?

आपोआप नाही. लोगो ही कॉपीराइट कायदा, १९५७ च्या भाषेत कलाकृती. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केली तर ती मालकाची. बाहेरच्या डिझायनरने केली तर हक्क लेखी हस्तांतरित होईपर्यंत साधारणपणे त्याचाच राहतो. पावती म्हणजे हस्तांतर नव्हे. कलम १९ नुसार हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणखी एक खुंटी त्याच कलमात आहे: मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर.

म्हणून मजकूर साधारण असा असावा: 'सोबत जोडलेल्या लोगोचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, अमुक रकमेच्या मोबदल्यात हस्तांतरित करत आहे, वर्षभरात वापर न झाल्यानेही ते संपुष्टात येणार नाहीत.' मागे लोगोचं चित्र छापून त्यावरही सही घ्या. नाकारलेले आराखडे डिझायनरकडे राहू द्या, ते मागणं रास्त नाही.

मूळ फाइलचं आधी ठरलंच नव्हतं, तर वेगळे पैसे मागण्यात लबाडी नाही. फाइल आणि हस्तांतर दोन्ही मिळून एकच रक्कम ठरवा, सही झाली की पैसे द्या.

वसमतहून: हळद पावडरच्या लोगोत अकरावा बदल झाला, आता डिझायनर फोन उचलत नाही. दोष कुणाचा?

करारात फेऱ्या ठरवल्या नव्हत्या, हा दोघांचाही. पुढच्या वेळी पैसे आणि फेऱ्या असे लिहून ठरवा: सुरुवातीला ४० टक्के, एक आराखडा पक्का झाल्यावर ३०, फाइली आणि सही मिळाल्यावर ३०. दोन किंवा तीन आराखडे, बदलाच्या दोन फेऱ्या, त्यापुढे प्रत्येक फेरीचा दर आधीच लिहिलेला. बदल सांगणारा माणूस एकच ठेवा. भाऊ, भाचा आणि सीए तिघे वेगवेगळे निरोप पाठवतात तेव्हा अकरा फेऱ्या होतातच. आणि 'अजून जरा रिच करा' हा बदल नव्हे. 'नाव लांबून वाचता येत नाही' हा बदल.

धाराशिवला हॉटेल काढतोय. लोगोत छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र घ्यायचं आहे. डिझायनर नको म्हणतो.

डिझायनर चांगला आहे, त्याला सोडू नका. १९५० च्या बोधचिन्हे व नावांचा अनुचित वापर प्रतिबंधक कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारचिन्हात घेता येत नाही, ट्रेडमार्क नोंदणीही नाकारली जाते. राजमुद्रेसारखी दिसणारी अष्टकोनी नक्षीही टाळावी. देवीचं चित्र घेण्याचा विचार असेल तर एवढंच आठवा की पार्सलच्या पिशव्या आणि नॅपकिन शेवटी उकिरड्यावर जातात.

बीडला सीताफळाचा गर काढतो. 'बीड सीताफळ' हेच नाव लोगोत घालू का?

एकट्याच्या मालकीचं नाव म्हणून नको. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, जालन्याची मोसंबी आणि मराठवाडा केसर आंबा यांनाही. मानांकनाचं नाव भागातल्या उत्पादकांचं सामाईक असतं. ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि नोंद फळाच्या नावाने आहे, गराच्या नाही. शिवाय नुसतं गाव आणि फळ ही वर्णनात्मक नावं ट्रेडमार्कला अडतात. लोगोत तुमचं स्वतःचं, घडवलेलं नाव घ्या.

नांदेडला कपड्यांचं दुकान. लोगो इंग्रजीत केला, पाटीसाठी मराठी नाव खाली साध्या फॉन्टमध्ये टाकलं. ठिगळासारखं दिसतं. काय करावं?

उलट्या क्रमाने काम झालं, म्हणून ठिगळ. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार पाटीवर मराठी देवनागरीत, सुरुवातीला हवी, आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही यात आली. तेव्हा मराठी रूपच मुख्य लोगो धरून करून घ्या, इंग्रजी त्याला जुळवा.

जुळवणी नुसता आकडा सारखा ठेवून होत नाही. त्याच पॉइंटात देवनागरी लहान दिसते, कारण उंचीचा मोठा भाग मात्रा आणि उकार खातात. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची इंग्रजी अक्षरांशी जुळवायची आणि रेघांची जाडी डोळ्याने सारखी करायची. इंग्रजी अक्षरांवर शिरोरेषा ओढून 'देशी' करण्याची हौस मात्र टाळा, दोन्ही लिपी वाया जातात.

मराठी वळणंही तपासा. अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' मूळात हिंदी वळणाचे असतात, भाषा मराठी निवडली तरच आपले येतात. 'आचार्य' मधला रफार आणि 'सोयऱ्या' मधला अर्धा ऱ वेगळे. बाहेरगावच्या डिझायनरकडून इथे चूक होते. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यवसायात मोफत चालतात. पण ते सगळीकडे दिसतात, म्हणून एक-दोन अक्षरं हाताने बदलून घ्या.

पाटी अ‍ॅक्रिलिकच्या उठावदार अक्षरांची असेल तर शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, पण अनुस्वाराचा ठिपका सुटा बसवावा लागतो आणि पहिल्या पावसाळ्यात तोच गळतो. ठिपका मोठा घ्या किंवा मात्रेला टेकवा. पातळ वेलांटीत एलईडी मावत नाही, ती काळी राहते.

छत्रपती संभाजीनगरला पैठणीचं ऑनलाइन दुकान आहे. लोगो पुतणीने कॅनव्हावर केलाय, मोर सुरेख आहे. ट्रेडमार्क मिळेल?

त्या मोरावर नाही. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या संकेतस्थळाच्या अटींनुसार तिथली तयार चित्रं घालून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तोच मोर कुणीही वापरू शकतो. साधे आकार, रेघा आणि अक्षरं यांना ती अडचण नाही. पुतणीची नजर चांगली असेल तर मांडणी तिची ठेवा आणि मोर चित्रकाराकडून नव्याने काढून घ्या, खऱ्या पदरावरचा बघून. 'पैठणी' शब्दही मानांकनाचा आहे, त्यावर हक्क सांगू नका.

अर्जाआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. शोध मोफत आहे. उच्चाराने मिळतीजुळती नावंही बघा. वस्तूंचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत: तयार कपडे २५, कापड २४, दुकानदारी ३५. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाच्या सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडा. नुसत्या नावाचा अर्ज आणि चित्राचा अर्ज वेगळे. पैसे एकाच अर्जाचे असतील तर आधी नावाचा करा, लोगो बदलला तरी तो कामाला येतो. चित्राचा करताना रंगाची मर्यादा न घालता दिला तर सगळ्या रंगांना संरक्षण मिळतं.

अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर ४ महिने हरकतीसाठी असतात. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी हातात आल्यावरच. आधी लावणं गुन्हा आहे, आणि पुतणीच्या फाइलमध्ये तो आत्ताच असेल तर आज काढून टाका.