साताऱ्यात राहतो, बजेट साठ हजार. इतक्या पैशात मिळणारी जुनी गाडी घेणं परवडेल का?

परवडेल की. फक्त इंजिनचा आवाज ऐकत बसू नका, गाडीखाली वाका.

आमच्या दारात नवी गाडी कधी आलीच नाही. वडिलांची प्रीमियर पद्मिनी, मग माझी कार्ब्युरेटरवाली मारुती 800, मधे एक ओम्नी आणि आता परत 800 च, पण एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी. पद्मिनी आमच्याकडे आली तेव्हाच रेडिएटर चोंदलेला. खंबाटकी घाट चढताना वडिलांचं अर्धं लक्ष इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर, डिकीत पाण्याचा कॅन कायमचा. पण ते दुखणं स्वस्तातलं. रेडिएटर सोडवून साफ करून घेतला, विषय संपला.

इंजिनचं असंच असतं. 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी तिचं तीन सिलिंडरचं इंजिन उघडायला घाबरणारा मिस्त्री मला अजून भेटायचाय. क्लच प्लेट, सेल्फ, गॅस्केट, सगळं मिळतं.

पत्र्याचं तसं नाही. माझी पहिली 800 महाबळेश्वरकडची, पावसाळेच्या पावसाळे उघड्यावर काढलेली. वरून रंग चकाचक. एकदा पंक्चर झाली म्हणून जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच गंजलेल्या पत्र्यात घुसला! इंजिन ठणठणीत असताना गाडी भंगारात गेली. तेव्हापासून मी कमी पावसाच्या फलटण, दहिवडीकडच्याच गाड्या बघतो. उन्हानं रबरं वाळलेली असतात, ती बदलता येतात.

बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. चिकटलं नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय समजा. मॅट उचला, स्टेपनीखालचा खड्डा बघा, जॅक लावायच्या जागी बोटानं दाबा. मालक कुरकुरला तर चहा पिऊन परत या.

आता कागद. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी, आणि त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 ची 5000 झाली. 20 वर्षांपुढच्या गाडीला 2025 पासून 10,000. पर्यावरण कर वेगळाच. म्हणून पासिंग, म्हणजे हे नूतनीकरण, नुकतंच झालेली गाडी पाच-सात हजार जास्त देऊन घेतली तरी चालेल. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा दिसला तर तो उतरवायचा फॉर्म 35 मागा, आणि मालकी बदलायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि साठ असतील तर गाडी चाळीसचीच शोधा. बॅटरी, टायर, बेल्ट पहिल्या दोन महिन्यांत पैसे मागणारच.