जुलैमध्ये कोण येणार?

प्रिय बाळा,

तुमच्या ग्रुपचा आराखडा वाचला. नोव्हेंबरात गरिबांच्या जागतिक दिनाला वसई रोड आणि नालासोपारा स्टेशनांबाहेर दोनशे ब्लँकेटं, केळी, बिस्किटं आणि तुम्हा सगळ्यांच्या अंगात कॉलेजचं नाव छापलेले टी-शर्ट. हेतू चांगला आहे, त्यात वाद नाही. पण तू माझं मत विचारलंस, आणि मत द्यायला बसले की मला गोड बोलता येत नाही. तुझ्या आईला ते चांगलं ठाऊक आहे.

आधी ब्लँकेटं बाजूला ठेव. वसईत नोव्हेंबरात थंडी ती कितीशी? पहाटे जरा गारवा, बस्स. आणि रस्त्यावर झोपणाऱ्यानं ते ब्लँकेट दिवसभर ठेवायचं कुठे? काखोटीला मारून फिरलं तर कुणी बाकावर टेकू देत नाही. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं तर सकाळी झाडूवाला कचऱ्यात लोटतो. उशाला घेतलं तर रात्री कुणी ओढून नेतो, वर दोन फटके मारतो. म्हणून पुष्कळ जण दुसऱ्याच दिवशी मिळेल त्या पैशांत ते विकून टाकतात आणि आपले स्वयंसेवक कुरकुरतात की यांना कशाची किंमतच नाही. अगं, विकणारा हिशेबी आहे. हिशेब चुकतो तो देणाऱ्याचा.

नोव्हेंबर का निवडलात तेही कळतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून चर्चच्या पंचांगातल्या सामान्य काळाचा तेहतिसावा रविवार गरिबांसाठी ठेवला, त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक धर्मग्रामात (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत) धावपळ असते. मागोमाग नाताळाआधीचा आगमनकाळ, नाताळ, मग ईस्टरआधीचा उपवासकाळ. या दिवसांत स्टेशनबाहेरच्या एकेका माणसाच्या हातात एका संध्याकाळी तीन-तीन पुड्या पडतात. लग्नसराईत हॉलवरून उरलेली बिर्याणी येते, झाकण काढलं की आंबूस वास. मी नर्स होते. ती बिर्याणी खाऊन दुसऱ्या दिवशी वॉर्डात कोण यायचं ते मी पाहिलंय. मग जून लागतो. कॉलेजांत प्रवेशाची गडबड, पालकांना पावसाची काळजी, आणि सगळे गायब.

नेमके तेच दिवस वाईट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पाचूबंदरला, नायगावला, अर्नाळ्याला होड्या वर ओढल्या जातात आणि खलाशी आपापल्या गावी जातात. ज्याला गावच उरलं नाही, किंवा हात जायबंदी झाल्यावर ज्याला हिशेब चुकता करून सोडून दिलं, तो स्टेशनच्या जिन्याखाली येऊन टेकतो. बांधकामं थंडावतात, त्यामुळे मजूर नाक्यावरही कुणी विचारत नाही. सखल भागात पाणी भरलं की आडवं व्हायला कोरडी जागा नसते. माणसं भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या रात्र काढतात.

या दिवसांत चेहऱ्याआधी पाय बघायचे. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, फुगलेली, चहात बुडवून ठेवलेल्या पावासारखी झालेली असते. या चिखल्या. आपल्या वाड्यांतल्या माणसांनाही होतात, पण ती घरी येऊन पाय पुसतात. इथे पाय वाळतच नाही, कातडी फाटते, आणि त्यात मधुमेह असला तर प्रकरण बोट कापण्यापर्यंत जातं. करायचं फार थोडं असतं. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडक्यानं एकेका बेचक्यात टिपून कोरडं करणं (चोळायचं नाही, कातडी निघून येते), डॉक्टरांनी सांगितलेलं मलम, आणि पायात उघडी चप्पल. बूट देऊ नका, ओला बूट म्हणजे कातडीला रात्रभर डबक्यात ठेवणं. जखमेत वळवळ दिसली किंवा पाय गरम आणि लाल असला तर तुम्ही हात घालायचा नाही, सरळ रुग्णालय. ब्लँकेटांचे पैसे चपला, ताडपत्रीचे तुकडे, टॉवेल आणि चड्ड्यांसाठी राखून ठेवा. चड्ड्या नव्याच हव्यात. जुने कपडे गोळा करताना लोक काय काय पिशवीत भरून देतात ते तुला दिसेलच. बायकांसाठी पॅड विसरू नका, तुमच्या आराखड्यात ते कुठेच नाहीत.

आता तुझा मूळ प्रश्न. कॉलेजचा ग्रुप स्वतंत्र असावा की गरिबांसाठी काम करणाऱ्या, धर्मग्रामाच्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीला जोडून घ्यावा? तू लिहितेस की सोसायटीतले काका-काकू फार सावकाश चालतात. चालतात खरे, पण ती सोसायटी सुरू केली होती विद्यार्थ्यांनीच. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांबरोबर वादसभा चालवायचा. तिथे एकानं टोमणा मारला: तुमच्या ख्रिस्तसभेनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? ओझानाम आणि त्याचे मित्र कामाला लागले. पण कुठे जायचं, कुणाचं दार ठोठवायचं हे त्यांना कुठे माहीत होतं? ते दाखवलं सिस्टर रोझाली रेंदू यांनी. पॅरिसच्या गरीब वस्तीत त्या कितीतरी वर्षं काम करत होत्या. आणि मंडळाचा पहिला अध्यक्ष कुणी पोरगा नव्हता, एमानुएल बेली नावाचा वयानं मोठा संपादक होता. वीस वर्षांची उमेद, आणि गल्लीबोळ माहीत असलेलं जुनं माणूस. दोन्ही होतं म्हणून १८६३ साली ती सोसायटी मुंबईपर्यंत पोचली.

तुमची अडचण उघड आहे. तुम्ही तीन वर्षांत पास होऊन जाणार. परीक्षा आली की महिनाभर बंद, सुट्टी लागली की बंद. जिन्याखालच्या माणसाला तुमचं वेळापत्रक माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की चार गुरुवार आलेली पोरगी पाचव्या गुरुवारी आली नाही. अशी माणसं त्याच्या आयुष्यात आधीच पुष्कळ होऊन गेलेली असतात. धर्मग्राम कुठे जात नाही. फादर बदलतात, पण कार्यालय, कपाट, हॉलचा नळ आणि सावकाश चालणारे काका तिथेच राहतात. म्हणून जोडून घ्या. तुम्ही पाय द्या, ते चिकाटी देतील. वेगळा बॅनर करू नका.

काम काय करायचं? दोघादोघांनी जायचं, ही सोसायटीची जुनी रीत. एक जुना, एक नवा. तू मुलगी आहेस म्हणून बरोबर एक दादा, आणि स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांना आधी सांगून. दर आठवड्याला तोच वार, तीच माणसं. दोनशे नकोत, आठ-दहा पुरेत. नाव विचारा, आपलं सांगा, आणि खाली बसा. उभं राहून बोललं की आपण साहेब होतो. हातात कधी काही असेल, कधी नसेल. रिकाम्या हातानं गेल्यावरही जो बोलायला सरकून जागा देतो, त्याच्याशी पुढची कामं होतात.

पुढची कामं म्हणजे कागद. यात तुम्ही शिकलेली मुलं आमच्यापेक्षा दसपट उपयोगाची. आधार हरवलं की दवाखान्यापासून रेशनपर्यंत सगळं अडतं, आणि पावसात कागद पहिला जातो. आमच्या कार्यालयातल्या कपाटाचा एक कप्पा फक्त यासाठी आहे. प्लास्टिकच्या पाकिटात ज्याचे त्याचे कागद, वर नाव. लागेल तेव्हा माणूस येतो, घेतो, परत आणून ठेवतो. मी सांगते, वाटलेल्या सगळ्या पुड्यांपेक्षा त्या कप्प्यानं जास्त माणसं सावरली. मतदार यादीचंही बघा. घर नसलेल्या माणसालाही नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरता येतो. तो जिथे झोपतो तिथे निवडणुकीचा बूथ अधिकारी रात्री जाऊन खात्री करतो आणि मग पत्त्याचा पुरावा लागत नाही. ही तरतूद अधिकाऱ्यालाच समजावून सांगावी लागली तर चकित होऊ नकोस.

आणखी एक काम तुमच्या ग्रुपला शोभेल. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर जणांची निवाऱ्याची सोय हवी, हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं घालून दिलेला निकष. वसई-विरारची लोकसंख्या २०११ लाच बारा लाखांवर होती. म्हणजे निदान बाराशे जणांची सोय झाली. निवारे कुठे कुठे आहेत, किती खाटांचे आहेत, बायकांची सोय कोणत्यात आहे, हे महापालिकेत जाऊन लेखी विचारा. केळी वाटण्याइतकं हे काम फोटोत छान दिसत नाही.

फोटोंबद्दल एवढंच की काढायचे नाहीत.

आंघोळीचं मात्र मनावर घ्या. व्हॅटिकननं २०१५ मध्ये संत पेत्राच्या चौकातल्या खांबांच्या रांगेलगत बेघरांसाठी न्हाणीघरं बांधली आणि तिथे सोमवारी न्हावी येऊ लागले, कारण रोममधली सलूनं सोमवारी बंद असतात. आपल्याकडेही सलूनवाल्याची सुट्टी सोमवारचीच! तुमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला विचारून बघ. हॉलमागची न्हाणी सोमवारी रिकामीच असते. फादरांशी मी बोलते, हॉल कमिटीशी तू बोल. तिथे ‘टाइल्स खराब होतील’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांग, आम्ही घासून देऊ, आणि खरंच घासून द्या.

स्वतःशीच बोलणारी, कचऱ्यातलं खाणारी माणसं भेटतील. त्यांना तुम्ही गाडीत घालून कुठेही न्यायचं नाही, ते अंगाशी येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ती जबाबदारी पोलिस ठाण्यावर टाकली आहे. अशा माणसाला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. शांतपणे कलम १०० म्हणायचं आणि ठाण्यातून हलायचं नाही. आपल्याला ठाणे शहरातलं मनोरुग्णालय जवळ, खाली रत्नागिरीला १८८६ पासूनचं आहे. बरं झालेल्याला घरी पोचवण्याचं काम कर्जतचं श्रद्धा फाउंडेशन करतं. कुडाळजवळ पणदूरला निराधारांसाठीचा संविता आश्रम आहे. त्यांच्याकडे जाऊन बघा, शिका. पण त्यांचं दार म्हणजे आपली जबाबदारी टाकायची जागा नव्हे. आधी फोन करून जागा आहे का ते विचारायचं.

धर्माचं स्पष्टच लिहिते. पदकं, जपमाळा, प्रार्थनेची पत्रकं बरोबर न्यायची नाहीत. आजच्या दिवसांत त्यातून काय काय निघतं ते तू वाचतेस, पण कारण फक्त तेवढंच नाही. भुकेल्याला भाकरी देताना आपण त्याच्याकडून काही मागायचं नसतं, प्रार्थनाही नाही. कुणी आपणहून म्हणाला, माझ्यासाठी देवाला सांगा, तर सांगावं, त्याच्याच शब्दांत. आपल्या ओळखीचा एक म्हातारा होता, फलाट संपतो तिथे बसायचा. संगमेश्वरकडचा, वाडीचं नाव सांगायचा, बाकी विचारलं की विषय बदलायचा. सरकारी रुग्णालयात तो वारला तेव्हा कागदावर ‘अनोळखी’ लिहिलं जाणार होतं. सोसायटीतल्या काकांना नाव आणि वाडी दोन्ही माहीत होतं. पोलिसांनी तिकडे फोन लावला, पुतण्या आला, रीतसर अग्नी दिला. आम्ही चार जण मागे उभे होतो. त्या सावकाश काकांनी दर गुरुवारी खाली बसून त्याच त्या गप्पा ऐकल्या होत्या, म्हणून हे झालं.

आता व्यवहाराचं. टी-शर्टांची ऑर्डर दिली असशील तर रद्द कर. ब्लँकेटांचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा करून पावती घे, खर्च जूनमध्ये करू. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तुमच्यातल्या सहा जणांनी मिस्सेनंतर चर्चमध्ये थांबा, काका कपाट दाखवतील. त्याआधी या गुरुवारी सात वाजता पश्चिमेच्या तिकीट खिडकीशी ये. साधे कपडे, पायात चप्पल, पाण्याची बाटली. वही आणू नकोस, समोर लिहायला लागलं की माणसं गप्प होतात. नावं लक्षात ठेव, परतल्यावर सोसायटीच्या नोंदवहीत लिहू, ती कपाटाबाहेर जात नाही. साडेनऊच्या आत तू घरी असशील असं आईला सांग, मी सोडायला येईन.

तुझी,
मावशी