बहीण साताऱ्यात शिकायला आलीय, पण दर शनिवारी गावी पळते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बहीण दहिवडीची, बारावीपर्यंत घरूनच कॉलेज, आता साताऱ्यात बीएससीच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. महिना झाला तरी रमत नाही, शनिवार आला की एसटी गाठते. मी साताऱ्यात मुलींच्या होस्टेलची बरीच वर्षं रेक्टर होते. माण-खटाव, पाटण, जावळीकडच्या पोरींचं हे दरवर्षीचंच.

घरी जायला बंदी घालू नका. पण ती शुक्रवारीच बॅग भरत असेल आणि सोमवारी दुपारी उगवत असेल, तर साताऱ्यात तिचा रविवार होतच नाही. आणि होस्टेलवरची मैत्री जमते ती रविवारीच. कपडे धुताना, केस वाळवताना, संध्याकाळी राजवाड्यावर भेळ खायला जाताना. २०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट झालं, उत्तम झालं, पण रडू आलं की स्टँड गाठणंही सोपं झालं! तेव्हा एक रविवार तिनं यावं, पुढच्या रविवारी तुम्ही डबा घेऊन जावं. डबा रूममेटलाही पुरेल एवढा न्या. घरच्या शेंगदाण्याच्या चटणीनं जुळलेल्या जोड्या मी पुष्कळ पाहिल्यात.

आईला मात्र सांगा, रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करून गोठ्यातली म्हैस दाखवू नये. दहा मिनिटं बास.

दुसरं, तिला ठरल्या वेळेचं काही काम लागू द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका'च्या पायावर. त्यात चार पैसे मिळतात हे खरंच, पण मला त्याचा दुसरा गुण मोठा वाटतो. लायब्ररीत किंवा बागेत रोज ज्या पोरीची कुणीतरी वाट बघतं, ती लवकर रुळते. तिच्या कॉलेजात ही योजना असेल तर नाव घाला. नसेल तर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आहेच. तिथं वर्षाला १२० तासांचं काम असतं आणि सात दिवसांच्या शिबिरात सगळ्या एकत्र राहतात.

अभ्यासाचं म्हणाल, तर बारावीला क्लासवाले नोट्स हातात ठेवतात, इथं कुणी देत नाही. शिवाय क्रेडिट, अंतर्गत गुण ही नवी भानगड. स्वागत समारंभातली भाषणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा तिच्याच विषयाची दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा. तासभर बसून ती सगळं सांगेल, सरांच्या सवयींसकट.

एवढं करूनही जेवण तुटलं, झोप उडाली, किंवा ती एखाद्या सिनिअरचं नाव काढलं की गप्प होत असेल, तर ते घरची आठवण म्हणून सोडून देऊ नका. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट आहेत. आधी रेक्टरना भेटा, फोनवर नको, समोर बसून बोला.

आणि हो, महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय का विचारा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आणि त्या काळजीनं गप्प बसलेल्या पोरीही मी पाहिल्यात.