मोबाइल हलवला की बदलणारं संगीत: यात पोट भरेल का?

प्रश्न : मुलगा लातूरला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्र-रात्र हेडफोन लावून लॅपटॉपवर संथ आवाज जुळवत बसतो. ना ताल, ना गाणं. म्हणतो, ऐकणाऱ्यानं मोबाइल तिरपा केला की संगीत बदलतं. आता पदवी सोडून मुंबईला साउंडचा महागडा कोर्स करायचा हट्ट धरलाय. आमचं उदगीरला किराणा दुकान आहे. काय करावं?

उत्तर : भाऊ, पदवी सोडू देऊ नका आणि त्याचं हे कामही थांबवू नका.

तो करतोय ते अँबियंट संगीत, म्हणजे ताल-गाण्याऐवजी नुसतं वातावरण उभं करणारं संथ संगीत. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या आपल्या अल्बमसाठी वेगवेगळ्या लांबीच्या रेकॉर्डिंगच्या टेप टोकाला टोक जोडून, गोल करून एकत्र फिरवल्या होत्या. एक १७ सेकंदांची आणि दुसरी २३ सेकंदांची असेल, तर दोन्ही पुन्हा एकदम सुरू व्हायला ३९१ सेकंद लागतात. त्यात २९ आणि ३१ सेकंदांच्या आणखी दोन घाला. चार दिवस तीच जुळणी परत येत नाही! मुलगा हेच कोडमधून करतोय आणि मोबाइल तिरपा झाल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरनं ऐकणाऱ्यालाही त्यात ओढतोय. मला हे फार मोलाचं वाटतं.

नुसता अँबियंट संगीतकार म्हणून पगारी नोकरी मिळणं अवघड, हे त्याला स्पष्ट सांगा. पण गेममध्ये खेळणारा काय करतो त्यावर संगीत बदलतं, तिथे हेच कौशल्य लागतं. एफमॉड आणि वाइज ही त्या कामाची सॉफ्टवेअर शिकण्यापुरती फुकट मिळतात. प्युअर डेटा आणि सोनिक पाय ही प्रोग्रॅम लिहून संगीत बनवण्याची सॉफ्टवेअर तर मोफतच आहेत. गेम स्टुडिओ पुण्यातही आहेत. ध्वनीचं रीतसर शिक्षण हवंच असेल, तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्यावी.

तोवर त्यानं एक काम पूर्ण करावं. मोंढ्यातला सौद्याचा गलका, उदगीरच्या किल्ल्यातला वारा असे आवाज रेकॉर्ड करून ब्राउझरमध्ये चालणारी रचना बनवावी. लिंक तुमच्या दुकानातल्या साध्या मोबाइलवर उघडली पाहिजे. इथेच बरेच जण अडकतात : स्क्रीनला बोट लावल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सुरू करत नाही, आयफोन सेन्सरसाठी आधी परवानगी मागतो, स्वस्त फोनवर आवाज तुटतो. या अडचणी सोडवलेली एक लिंक मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

कोर्सची फी तूर्त भरू नका. त्यातले थोडे पैसे चांगल्या हेडफोनसाठी द्या.