सही करायच्या आधी घरी सांगा

ताई,
मी ४३ वर्षांचा आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर्सला आहे. चौदा वर्षं आठ महिने झाले. कंपनीत १८० माणसं. माझा हुद्दा 'स्टोअर्स ऑफिसर', पण काम पहिल्यापासून तेच आहे: इन्वर्ड म्हणजे आलेला माल घ्यायचा, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती करायची, लाइनला माल द्यायचा, महिन्याला स्टॉक टॅली करायचा. हाताखाली कुणी नाही. दिवाळीनंतर नवं सॉफ्टवेअर आलं, बारकोड आले. गेल्या सोमवारी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "तुमची पोझिशन राहणार नाही. पंधरा तारखेपर्यंत राजीनामा द्या, एक्स्पिरियन्स लेटर चांगलं देऊ. नाहीतर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढे कुणी घेणार नाही." माझ्यानंतर लागलेली दोन मुलं त्याच कामावर राहणार आहेत. बेसिक आणि डीए धरून २४,००० आहे, हातात ३३,००० येतात. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता १४,५००, अजून नऊ वर्षं. मुलगी दहावीला. बायको घरी ब्लाउज शिवते. तिला काहीच सांगितलेलं नाही. डबा घशाखाली उतरत नाही म्हणून गेटवरच्या सिक्युरिटीला देतो आणि रिकामा घरी नेतो. परवा रात्री उठून एलआयसीचे कागद काढून बघत बसलो होतो. काढून टाकलं म्हणवून घेण्यापेक्षा आपणच सोडलेलं बरं असं वाटतं. सोडू का?
मोशीचा एक वाचक

भाऊ,

सोडू नका. पंधरा तारखेला तुमच्यासमोर टाइप केलेला कागद ठेवतील आणि पेनही पुढे करतील. सही करू नका. का ते सांगते, पण आधी त्या एलआयसीच्या कागदांबद्दल.

पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पॉलिसीवर कर्ज किती मिळेल हे बघायला कागद काढले असतील, तर मी उगाच घाबरले असं समजा. पण 'मी नसलो तर यांच्या हाती किती येतील' असा हिशोब डोक्यात आला असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर फिरवा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आठ-दहा दिवस नीट जेवण नाही, झोप नाही, वर हे ओझं एकट्याच्या डोक्यावर. अशात मन नको तिकडे जातं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या विचाराबरोबर रात्री एकटं बसू नका.

आता डब्याचं सांगते.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे त्यांना एका लहानशा कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आणि घर जरा मार्गी लागलं. १९८६ च्या पावसाळ्यात तेही गेलं. या वेळी मात्र त्यांनी घरात सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी वेळेवर परत यायचे. दिवसभर राणीच्या बागेत बसून असायचे.

आईला कळलं ते डब्यावरून. इतक्या वर्षांत वडिलांनी कधी डबा धुऊन आणला नव्हता. कामावर जेवायची सुट्टीच अर्ध्या तासाची, त्यात कोण धुणार? खरकटा डबा यायचा, झाकणाला आमटी सुकलेली असायची आणि आई तो मोरीत भिजत घालायची. आता डबा लख्ख धुऊन यायला लागला. बागेतल्या नळावर धुवायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. आई पंधरा-वीस दिवस काही बोलली नाही. ती वाट बघत होती की हा माणूस आपणहून सांगेल. शेवटी एका रात्री तिने रिकामा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "उद्या भरू, की घरीच जेवणार?" वडील रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

आई मला पुढे कितीदा तरी म्हणाली, नोकरी गेल्याचं मला एवढं लागलं नाही, पण त्या पंधरा-वीस दिवसांत मी परकी झाले होते. ती दुसऱ्याच दिवशी शेजारणीबरोबर जाऊन दोन खाणावळींच्या पोळ्या लाटायला लागली. तिला आधी कळलं असतं तर ती आधी गेली असती, एवढंच.

तुमच्या घरी शिवणयंत्र चालतं. रिकामा डबा परत आला तरी तुम्ही जेवलात की नाही, हे त्या बाईला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? तिला काहीतरी बिनसलंय हे नक्की दिसत असणार. फक्त काय ते माहीत नाही, आणि माहीत नसताना माणूस भलतंच काही मनात धरतो. आज रात्री सांगा. मुलगी अभ्यासाला बसली की दोघं खाली चक्कर मारायला जा आणि चालता चालता सांगा. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते शेजारी चालताना निघतं. फार प्रस्तावना नको. "कंपनीत माझी जागा जाईल असं दिसतंय, मला भीती वाटतेय," एवढं पुरे. मुलीलाही दोन-चार दिवसांत थोडक्यात सांगा. दहावीतली मुलगी लहान नसते. 'बाबा आजारी आहेत का' या काळजीत अभ्यास करण्यापेक्षा खरं काय ते माहीत असलेलं बरं.

आता राजीनाम्याचं. 'आपणच सोडलेलं बरं' यात मान आहे असं तुम्हाला वाटतं. त्या मानाची किंमत किती, ते जरा मांडू.

ग्रॅच्युइटी तुम्हाला दोन्हीकडून मिळणार, राजीनामा दिलात तरी आणि त्यांनी कमी केलं तरी. पाच वर्षं सलग नोकरी झाली की तो तुमचा हक्क आहे. २४,००० ला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग वर्षांनी गुणा. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे तुमची १५ वर्षं. हे २ लाख ७ हजारांच्या पुढे जातं. ते कुणी अडवू शकत नाही, त्यामुळे त्याची भीती दाखवली तर घाबरू नका.

फरक पडतो तो पुढे. कंपनीने जागा नाही म्हणून कामगाराला कमी केलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो आणि शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून. पंधरा वर्षांचे साडेसात महिने झाले. २४,००० च्या हिशोबानेही १ लाख ८० हजार होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी म्हणून आणखी १५ दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. सगळं मिळून दोन लाखांच्या वर. म्हणजे तुमच्या घराचे चौदा हप्ते! स्वतःहून राजीनामा लिहून दिलात की यातलं काहीच मागता येत नाही. कंपनी राजीनाम्यासाठी एवढी गोड का बोलते, ते यातच आलं.

'टर्मिनेट' या शब्दाचा धाक घेऊ नका. जागा उरली नाही म्हणून कमी करणं वेगळं आणि गैरवर्तन केलं म्हणून काढून टाकणं वेगळं. दुसऱ्यासाठी आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते. तुमच्यावर तसला आरोपच नाही. चाकणमध्ये कपातीत नोकरी गेलेली माणसं काही कमी नाहीत, तिथल्या कुठल्याही कंपनीला हा प्रकार समजतो.

"तुम्ही ऑफिसर आहात, कामगार नाही" असंही कदाचित ऐकवतील. कायदा कार्डावरचा हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतो. कारकुनी आणि तांत्रिक काम करणारा कामगारच धरला जातो. तुमच्या हाताखाली माणसं नाहीत, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. हे दाखवणारे तुमच्या सहीच्या जीआरएन आहेत, इश्यू स्लिपा आहेत. आणि त्या दोन मुलांचं म्हणाल, तर एकाच प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी जातो हा कपातीचा साधा नियम आहे. तो मोडायचा तर कंपनीला त्याचं कारण नोंदवावं लागतं. त्या मुलांवर राग धरू नका. पण हा मुद्दा सोडूही नका.

उद्या एचआरला एक मेल करा, आणि त्याची प्रत स्वतःच्या मेलवर घ्या. भाषा साधी ठेवा: 'सोमवारी झालेल्या बोलण्यात मला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर आहे. कंपनीचा जो काही निर्णय असेल तो कारणासह लेखी द्यावा.' आरोप नको, रडगाणं नको, 'चौदा वर्षं कंपनीसाठी झिजलो' हेही नको. मग रोज वेळेवर जा, पंच करा, सुट्टी टाकू नका. नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा घरी आणून ठेवा. कंपनीची कुठलीही फाइल मात्र उचलू नका.

याचा अर्थ काही झालं तरी राजीनामा द्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. हे सगळं माहीत आहे म्हटल्यावर कंपनी बहुतेक बोलायला बसेल. कपातीत मिळेल तेवढी किंवा जास्त रक्कम आणि चांगलं एक्स्पिरियन्स लेटर हे त्यांनी लेखी दिलं, तर खुशाल सही करा आणि मोकळे व्हा. सही करायच्या आधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा. एका भेटीची फी या रकमेपुढे काहीच नाही. आणि बोलणंच झालं नाही, परस्पर काढलं, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तिथे जायला वर्ष-दोन वर्षं लावू नका.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून आजारपणाचे पैसे मिळत नाहीत आणि आधीपासूनच्या आजारांना तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीकडे गटाच्या पॉलिसीतून घरच्या पॉलिसीत जाता येतं, आणि मग आधी मोजलेली वर्षं धरली जातात. नोकरीत आहात तोवरच चौकशी करा.

हप्त्यासाठी बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा. नव्वद दिवस थकलं की खातं बुडीत कर्जात धरतात आणि मग तीच बँक वेगळ्या आवाजात बोलते. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करायचं बोलणं तरी होऊ शकतं. पीएफला लगेच हात लावू नका. दहा वर्षांच्या वर नोकरी झाल्याने ५८ नंतरची पेन्शन तुम्हाला लागू आहे. नवी नोकरी मिळाली की त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर, खातं पुढे चालू राहतं.

आणि काम शोधायचं म्हणाल तर आजपासून. तुम्ही स्वतःला 'सॉफ्टवेअरने खाल्लेला माणूस' समजायला लागला आहात, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. बारकोड रॅकवर काय नोंदलंय ते सांगतो. चलनावर पाचशे लिहिलेत आणि खोक्यात चारशे ऐंशी आहेत, हे खोकं उचलताक्षणी ओळखायला तुमच्यासारखा हात लागतो. पंधरा वर्षांत किती सप्लायरची माणसं तुमच्या इन्वर्डच्या खिडकीपाशी उभी राहिली असतील! त्यांच्या परचेसवाल्यांचे, डिस्पॅचवाल्यांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत. ज्याचं चलन तुम्ही कधी उगाच अडवून ठेवलं नाही, त्याला तुमचं नाव लक्षात असतं. नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकायचा तो टाकाच, पण त्याआधी असे वीस फोन करा. चाकण, तळेगाव, रांजणगावला गोदामं वाढतायत आणि तिथे बारकोड येणारा जुना माणूस लागतो. ते नवं सॉफ्टवेअर पंधरा तारखेपर्यंत शिकून घ्या. त्या दोन मुलांपैकी एकाला सरळ म्हणा, "मला जरा दाखव." शिकवेल तो.

पगार सुरुवातीला पाच-सात हजारांनी कमी मिळेल, ती तयारी ठेवा. हा हिशोब तुम्ही दोघांनी मिळून मांडायचा आहे. ब्लाउजचे महिन्याचे किती येतात, लग्नसराईत किती वाढतात, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. बहुधा तुम्हाला माहीत नसेल. तिला माहीत आहे.

उद्यापासून डबा सिक्युरिटीला देऊ नका. अर्धी पोळी उतरली तर अर्धी खा आणि उरलेलं तसंच घरी न्या. तिला दिसू दे. पंधरा तारखेला काय झालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघते आहे.

तुमची ताई