पांढऱ्या एप्रनमागची स्त्री

प्रश्न : मागील अंकात जपानी चित्रकर्ती योशिको शिमादा यांच्याविषयी छोटे टिपण आले होते. युद्धात स्त्रियांचाही हात होता, हे त्या आपल्या चित्रांतून दाखवितात, असे त्यात म्हटले होते. ते वाचून मन अस्वस्थ झाले. माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते आणि आजेसासूबाईंनी मागे एकटीने शेती व लहान मुले सांभाळली. ज्या बायकांना युद्ध पुकारण्याचा किंवा थांबविण्याचा अधिकारच नव्हता, त्यांना दोषी धरणे हा स्त्रीवाद कसा म्हणावा?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आपला प्रश्न रास्त आहे, मात्र शिमादा स्त्रियांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, असे आम्हाला वाटत नाही. त्यांचा जन्म १९५९ चा, तोक्योजवळच्या ताचिकावा येथला. जपानमध्ये युद्धकाळातील स्त्री म्हटली की उपाशी मुलांना पोटाशी धरून बॉम्बहल्ल्यातून पळणारी आई, एवढेच चित्र पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि राहिलेला भाग शिमादांनी १९९० च्या दशकात आपल्या एचिंगमधून, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेल्या मुद्राचित्रांतून, समोर आणला.

त्यांच्या १९९३ मधील ‘व्हाइट एप्रन्स’ या कामातला एप्रन नीट पाहण्यासारखा आहे. काप्पोगी हा किमोनोच्या रुंद बाह्यांसह सारे अंग झाकणारा, मागे नाड्यांनी बांधायचा, स्वयंपाकघरातला पांढरा झगा. १९३२ मध्ये ओसाका येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण महिला संघटनेने त्यालाच आपला गणवेश केले आणि त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत संघटनेच्या नावाचा तिरका पट्टा चढविला. आतले कपडे झाकले जात असल्याने गरीब-श्रीमंत हा भेद निदान वरवर तरी दिसेनासा होई. या बायका बंदरांवर आणि रेल्वे स्थानकांवर सैनिकांना चहा देत, झेंडे हलवून निरोप देत आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडून एकेक टाका घालून घेत हजार गाठींचे पट्टे तयार करीत. गोळी लागू नये म्हणून सैनिकाने असा पट्टा पोटाला बांधायचा. वाघ कितीही दूर गेला तरी परत येतो, या समजुतीने व्याघ्रवर्षात, म्हणजे बारा प्राण्यांच्या नावांनी चालणाऱ्या वर्षचक्रातील वाघाच्या वर्षात, जन्मलेल्या बाईला आपल्या वयाइतक्या गाठी मारण्याची मुभा असे.

या गाठींमागची माया खरीच होती. पण त्याच मायेच्या बळावर मुलगा हसतमुखाने रणात धाडावा आणि तो पडला तरी आईने लोकांसमोर रडू नये, अशी शिस्त घराघरांत शिरली. १९९२ मधील ‘शूटिंग लेसन’मध्ये शिमादा नेम धरणाऱ्या बायका दाखवितात, तेव्हा स्वयंपाकघर आणि आघाडी यांत आपण मानतो तेवढे अंतर नव्हते, हे डोळ्यांना दिसते.

मग या बायका का सामील झाल्या? आम्हाला हा प्रश्न दोषाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यांना मताधिकार नव्हता. तो डिसेंबर १९४५ मध्ये मिळाला आणि एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केले. घराबाहेर पडण्याची, सभेला बसण्याची, आपले काम देशाच्या कामात मोजले जाण्याची संधी संघटनेने दिली. मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या फुसाए इचिकावा यांनीसुद्धा युद्धकाळात सरकारशी सहकार्य केले आणि त्यापायी १९४७ ते १९५० या काळात त्यांना सार्वजनिक पदांवर बंदी होती. अन्याय सोसणारी स्त्री दुसऱ्यावरील अन्यायाला आधार देऊ शकते, हे मान्य करणे जड जाते. तरीही स्त्रीला विचार करणारी, निवड करणारी व्यक्ती मानायचे असेल, तर तिच्या निवडीची जबाबदारीही मानावीच लागते. यालाच आम्ही स्त्रीवाद म्हणतो.

या प्रश्नाला धार आली ती ऑगस्ट १९९१ मध्ये. कोरियातील किम हाक-सुन यांनी आपण जपानी लष्कराच्या वेश्यागृहात जबरदस्तीने ठेवलेल्या ‘कम्फर्ट विमेन’पैकी एक असल्याचे उघडपणे सांगितले. एकीकडे मायबहीण म्हणून गौरवलेली एप्रनधारी जपानी गृहिणी आणि दुसरीकडे सैनिकांपुढे टाकलेली, जपानच्या अमलाखालील कोरियासारख्या वसाहतीतील मुलगी, या दोघी एकाच व्यवस्थेने घडविल्या होत्या. पहिलीच्या गौरवाखाली दुसरीचे हाल दडले.

आता आपल्या घराकडे वळू. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे रेजिमेंटची चौथी बटालियन जपानी फौजेशी लढली. त्या फौजेतील कित्येकांच्या पोटाला हजार गाठींचे पट्टे असणार. आपले जवान मात्र परक्या सरकारच्या सैन्यात होते आणि आपल्याकडच्या बायकांमागे जपानसारखी संघटना नव्हती, तेव्हा जपानचा हिशेब आपल्या आजेसासूबाईंच्या माथी मारता येणार नाही. परंतु भरतीच्या वेळी घरात कोण काय बोलले, मनीऑर्डर कोणाच्या हाती पडे, गावात मान वाढला तेव्हा त्यांना काय वाटले आणि काय बोलता आले नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकलेले कोणी असेल, तर अवश्य लिहून ठेवावे.

प्रश्न : शिमादा यांनी स्वतः पुतळा होऊन बसण्याचा प्रयोग केला, तो काय होता?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : सोल येथील जपानी दूतावासासमोर डिसेंबर २०११ मध्ये ‘कम्फर्ट विमेन’च्या स्मरणार्थ खुर्चीवर बसलेल्या कोरियन मुलीचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. पुढच्या वर्षी लंडनमधील जपानी दूतावासासमोर शिमादा किमोनो नेसून, ब्राँझचा रंग फासून, जपानी ‘कम्फर्ट वुमन’चा पुतळा म्हणून तशाच बसल्या. लष्करी वेश्यागृहांत जपानी स्त्रियाही होत्या, पण त्यांतील बऱ्याच जणी आधीपासून परवानाधारक वेश्याव्यवसायातल्या असल्याने त्यांच्याविषयी ना सहानुभूती निर्माण झाली, ना त्यांचा पुतळा उभा राहिला. आमच्या मते शिमादांच्या कामांत हे सर्वांत धाडसी आहे, कारण बळी ठरण्यासाठी बाई आधी ‘चांगली’ असावी लागते, या अटीलाच त्यांनी त्यात हात घातला.