जकात की गुलामगिरी?

प्रश्न : अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीवरून झाले, असे आम्ही शाळेत शिकलो. मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत मात्र ‘उत्तर उद्योगप्रधान, दक्षिण शेतीप्रधान, म्हणून जकातीवरून संघर्ष’ असे दिले आहे. खरे काय मानावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : टिपणातील पहिला भाग बरोबर आहे; घोळ आहे तो ‘म्हणून’पासून पुढे. दक्षिणेची शेती म्हणजे मुख्यतः कापूस, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. देवासाठी वाती वळताना ज्यांनी कापसातली सरकी बोटांनी वेगळी केली आहे, त्यांना ते काम किती वेळखाऊ असते हे सांगायला नको. 1793 मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि कापसाची लागवड झपाट्याने पश्चिमेकडे सरकत गेली. वेचणी मात्र हातानेच होत राहिल्यामुळे गुलामांची मागणी कमी न होता वाढली. 1860 च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे 40 लाख होती.

जकातीचा, म्हणजे आयात कराचा, वाद खोटा नव्हता. 1828 च्या चढ्या आयात करावरून दक्षिण कॅरोलिनाने 1832 मध्ये तो कायदा आपल्यापुरता रद्दबातल ठरवला होता, पण पुढच्याच वर्षी तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. 1857 मध्ये तर कर बरेच खाली आणले गेले, आणि ते पुन्हा वाढवणारा कायदा मार्च 1861 मध्ये झाला तेव्हा सात राज्ये आधीच संघराज्यातून बाहेर पडलेली होती. जे घडलेच नव्हते, त्यावरून ती रागावून निघून गेली असे कसे म्हणावे?

खरी ओढाताण नव्या प्रदेशांवरून होती. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्यामुळे, नवे राज्य गुलामगिरीचे की मुक्त, यावर केंद्रातील सत्तेचा तोल ठरे. नव्या प्रदेशांत गुलामगिरी कुठवर चालेल याची 1820 च्या मिसूरी तडजोडीने आखलेली मर्यादा 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मोडली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडले. गुलामगिरीचा नव्या प्रदेशांतील विस्तार रोखू पाहणारे लिंकन 1860 मध्ये जवळजवळ केवळ उत्तरेच्या मतांवर निवडून आले, आणि डिसेंबरमध्ये दक्षिण कॅरोलिना फुटली. मिसिसिपी राज्याने बाहेर पडतानाच्या आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचे समर्थन उघडपणे मांडले आहे. राहिला तो दक्षिण ‘राज्यांच्या हक्कां’साठी बाहेर पडली हा युक्तिवाद. पळून आलेल्या गुलामांना परत पाठवण्याची सक्ती उत्तरेवर करणारा केंद्राचा 1850 चा कायदा हीच मंडळी उचलून धरत होती, तेव्हा उत्तरेकडील राज्यांचा हक्क त्यांना आठवला नाही.

प्रदेशाप्रदेशांतील फरक राज्याच्या पोटातही होता. खानापूरकडची भाताची लाल माती आणि सौंदत्ती-बैलहोंगलकडचे कापसाचे काळे रान एकाच जिल्ह्यात नांदते, हे आपण रोज पाहतो. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात मोठे मळे नव्हते, गुलामही थोडेच होते. तो भाग मूळ राज्यापासून फुटून 1863 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून संघराज्यात आला. (यावरून आपल्या सीमाप्रश्नाशी तुलना करण्याचा मोह मात्र आवरावा, 1956 च्या पुनर्रचनेचा वाद भाषेचा आहे.)

आपल्या भागाशी खरा धागा आहे तो कापसाचा. अमेरिकी बियाण्याचा कापूस धारवाड भागात त्याआधीच रुजला होता. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि इथल्या कापसाचे भाव कडाडले; 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या.